बोट थांबेल तिथे

लहान मुलांचे पुस्तक खुर्चीवर बसून वाचायचे नाही, असा आमच्या परीक्षण समितीतल्या एका सरांचा नियम होता. मूल ज्या उंचीवरून वाचणार, त्याच उंचीवरून तपासणाऱ्यानेही वाचले पाहिजे. उंची बदलली की चुका दिसेनाशा होतात, असे ते म्हणत. नगरच्या प्रशिक्षण संस्थेत आमच्या समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा आम्ही सगळे लांबलचक टेबलाभोवती खुर्च्यांवर बसलो. या गृहस्थांनी मात्र पिशवीतून घडी घातलेले तरट काढले, भिंतीशी अंथरले आणि त्यावर मांडी घालून ते पुस्तकाचा मसुदा उघडून बसले. चहा घेऊन आलेला शिपाई त्यांना पाहून थबकला.

"सर, बरं वाटंना का?"

"बरं वाटतंय की. चहा तेवढा नको. पुस्तक उघडं असताना मी पीत न्हाई. डाग पडला तर पोराला वाटतंय, ते बी चित्रच हाय."

शिपाई हसला, आम्हीही हसलो. ते हसले नाहीत. विनोद करण्याचा त्यांचा हेतूच नव्हता, हे समजायला मला पुढची काही वर्षे लागली.

येथे समितीविषयी थोडे सांगायला हवे. सरकारी शाळेत मुलाच्या हाती येणारे पुस्तक कोणालाही वाटले म्हणून तेथे येत नाही. आधी मसुदा तयार होतो. तो निरनिराळ्या जिल्ह्यांतील शिक्षकांकडे परीक्षणासाठी जातो. आशय बरोबर आहे का, भाषा त्या वयाला झेपते का, चित्रे मजकुराशी जुळतात का, कोणाचा अवमान होत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहायचे आणि अखेर तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: शिफारस, दुरुस्तीसह शिफारस, किंवा नामंजूर. एका जरी सभासदाचा अभिप्राय राहिला असेल, तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. मसुदा गोपनीय असतो. प्रत्येक पानावर तसा शिक्का असतो; तो मुलांकडून वाचून घेता येतो, पण प्रत कोणाला द्यायची नाही. आम्ही बहुतेक जण मधल्या चौकटीत खूण करीत असू. ती चौकट सोयीची असते. तिने कोणी दुखावत नाही आणि काम पुढे जाते.

सरांनी त्या चौकटीत कधीही खूण केली नाही. "निम्मं शिजलेलं अन्न ताटात वाढून 'बाकीचं पोटात शिजंल' म्हणायचं व्हय?" असे ते विचारत.

ते जामखेड तालुक्यात, खर्ड्यापलीकडच्या एका वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. मी नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या माध्यमिक शाळेत भाषा शिकवीत असे. समितीतही भाषेची बाजू माझ्याकडे होती आणि परिसर अभ्यासाची त्यांच्याकडे. ते मला नावाने कधी हाक मारीत नसत, 'बेलापूरकर' म्हणत. त्या हाकेत थोडी चेष्टा असे. आमच्याकडे कालव्याचे पाणी आणि त्यांच्याकडे कुसळे, हा फरक ते मला विसरू देत नसत. "तुमच्याकडचं गवत बी आमच्या ज्वारीपरीस उंच," असे एकदा म्हणाले, आणि लगेच पिशवीतली फूटपट्टी काढून, "मोजलंय मी," अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

त्या पिशवीत फूटपट्टीशिवाय ताणकाटा, सुतळी, मटकीचे दाणे आणि एक तुटक्या दांडीचे भिंग असे. पुस्तकातला प्रत्येक प्रयोग ते स्वतः करून पाहत, मग वर्गाकडून करवून घेत. शिक्षक मंडळींत त्यांचे नाव 'करूनपाहू मास्तर' पडले होते. ते त्यांना ठाऊक होते आणि पसंतही होते. एका मसुद्यात 'घरातील टाकाऊ स्ट्रॉ व आइस्क्रीमच्या काड्या घ्या' असे वाक्य होते. त्यांनी वर्गाला या वस्तू दुसऱ्या दिवशी आणायला सांगितल्या. मुलांनी ज्वारीची चिपाडे आणि बाभळीच्या काड्या आणल्या. सरांनी ती जुडी सुतळीने बांधून पुढच्या बैठकीत अध्यक्षांसमोर ठेवली आणि म्हटले, "हे आमचे स्ट्रॉ."

पण त्यांची खरी कसोटी वेगळी होती. मूल तरटावर बसे. सर शेजारी बसत. मूल ओळीखाली बोट ठेवून वाचू लागे आणि सर मजकुराकडे न पाहता त्या बोटाकडे पाहत. बोट थांबले की त्या जागी ते पेन्सिलीने बारीक टिंब देत. मुलाला काहीही विचारीत नसत, पुढचा शब्द सुचवीत नसत. वाचन संपल्यावर टिंबे पाहून ते ठरवीत, कोणता शब्द अवघड आहे, कोणते वाक्य उगाच लांबले आहे, कोणते चित्र भलत्या ठिकाणी आले आहे.

"बोट थांबलं, तर ती चूक पुस्तकाची," ते म्हणत. "पोराची कधीच न्हाई. हे एकदा ठरवून टाकलं की तपासनीस व्हता येतं. न्हाईतर मग आपुन नुसतं मास्तरच."

पुण्याहून एक पुस्तकवाले गृहस्थ पूरक वाचनाच्या पुस्तकांचा संच घेऊन त्यांच्या शाळेवर गेले होते. सोबत पेढ्यांचा पुडा होता. सरांनी पुडा मुलांत वाटला, त्या गृहस्थांना तरटावर बसवले आणि तिसरीतल्या एका मुलाला त्यांचेच पुस्तक त्यांच्यासमोर वाचायला लावले. पहिल्या पानावरच 'अविस्मरणीय' हा शब्द होता. मुलाचे बोट तेथे थांबले. सरांनी टिंब दिले. पुस्तकवाले अस्वस्थ झाले. बऱ्याच वेळाने न राहवून ते म्हणाले, "बाळ, अ-वि-स्म—"

"तुमी मधी बोलू नका," सर म्हणाले. "तुमी पुस्तकासंगं घरोघर जाणार हाय का?"

'प्रत्येक घराला दार असते' या वाक्यावरूनही असाच प्रसंग घडला. सरांनी ते अडवले आणि घरांना दारे नसलेल्या शनिशिंगणापूरला जाऊन खात्रीही करून घेतली. अध्यक्षपदी निवृत्त शिक्षणाधिकारी असलेल्या बाई होत्या. कडक, पण समंजस. त्या म्हणाल्या, "सर, अहो, एका गावाचा अपवाद आहे तो."

"असंल, बाई. पर त्या गावचं पोरगं वर्गात अपवाद म्हणून बसत न्हाई. ते पोरगं म्हणूनच बसतंय."

'बहुतेक घरांना दार असते' अशी दुरुस्ती झाली. सर त्या दिवशी नगरच्या बसस्थानकावर मला म्हणाले, "एक शब्द, बेलापूरकर. एका शब्दानं एक गाव पुस्तकात आलं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव आनंदाचा उद्गार.

यापुढचे सांगताना मला क्रम सांभाळला पाहिजे, कारण या गोष्टीत चूक कोणाची हे ठरवणे सोपे नाही.

सरांच्या वस्तीवरील निम्म्याहून अधिक घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाचा ट्रक येतो; त्यात संसार, शेळ्या आणि मुले चढतात. ती माणसे आमच्याच भागात, कालव्याच्या पट्ट्यात येतात आणि चैत्राच्या सुमारास परततात. मधले महिने मुलांची शाळा सुटते. या मुलांना बरोबर नेता येईल, शिक्षकावाचून वाचता येईल असे एक पुस्तक हवे, ही मागणी सरांनी प्रत्येक बैठकीत केली. विषय कोणताही असो, शेवटी ते तरटावरून हात वर करीत. बाई म्हणत, "हो सर, ऊसतोडीचं पुस्तक. लक्षात आहे."

आणि एका वर्षी ते पुस्तक खरोखर तयार झाले. फक्त मसुदा आमच्या हाती पडायला उशीर झाला. तो आला तेव्हा दसरा उलटून गेला होता.

त्यांच्या तिसरीच्या वर्गात पायल नावाची मुलगी होती. उशिरा वाचायला लागलेली. दुसरीच्या अखेरीस तिला अक्षरे जोडता येऊ लागली आणि मग ती दिसेल ते वाचत सुटली: खताच्या गोणीवरची जाहिरात, एसटीची पाटी, भिंतीवरच्या म्हणी. तिचे बोट ठाम होते. सर म्हणत, असे बोट वीस वर्षांत पाहिले नाही. ते खोटे पुढे सरकत नाही. अनेक पुस्तकांवरची टिंबे तिच्या बोटाने पडलेली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने सरांना विचारले होते:

"सर, माझं पुस्तक कवा येनार?"

"येतंय. तू आलीस की तूच तपासायचं."

"मंग तवर दुसऱ्या कुनाला देऊ नका."

"न्हाई देत."

हे सरांनीच मला सांगितले, आणि सांगताना ते अभिमानाने हसले होते.

त्या मसुद्यावरची बैठक मला तपशिलाने आठवते. आम्ही सर्वांनी मधल्या चौकटीत खुणा केल्या. मसुद्यात दोष होते. तो कार्यालयात बसून लिहिलेला होता. पहिल्याच पाठाच्या शेवटी 'फळ्यावरील चित्र पाहा' अशी सूचना होती. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपडीत, कोपीत, कसला आला आहे फळा? पण दोष दुरुस्त होण्याजोगे होते. लगेच मंजुरी मिळाली असती, तर संक्रांतीच्या आसपास पुस्तके उसाच्या अड्ड्यांवर पोहोचली असती. सरांनी आपला कागद कोराच ठेवला.

"सर, 'दुरुस्तीसह'वर खूण करा," बाई म्हणाल्या. "फळा काढून टाकू आपण."

"फळा मला दिसला म्हणून काढाल. मला न दिसलेलं कोण काढणार? हे पुस्तक पायलनं वाचल्याबगर मी खूण करणार न्हाई."

"ही पायल कोण?"

"हे पुस्तक जिचं हाय ती."

"मग तिच्याकडून तपासून घ्या की."

"ती गेली. ट्रकातनं."

मी म्हटले, "सर, वर्गात दुसरी मुले आहेत ना?"

"ती शाळेत हायेत, बेलापूरकर. ज्याला मास्तर हाय त्याच्याकडनं, मास्तर नसणाऱ्याचं पुस्तक कसं तपासायचं? सांगा तुमी."

त्यांच्या तर्कात फट नव्हती. मात्र त्या तर्काप्रमाणे, पुस्तक मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी मुले परत यायला हवी होती. आणि मुले परत आल्यावर त्या पुस्तकाची गरज संपणार होती. हे मी बोलून दाखवले. त्यांनी तरटाची घडी केली, पिशवीत घातली आणि म्हणाले, "घाई करून दिलेली पुस्तकं लई बघितली मी. पोरगं आडलं की त्याला वाटतं, आपल्यालाच अक्कल न्हाई. ते पुस्तकाला कधी नावं ठेवत न्हाई. स्वतःला ठेवतं."

पौषात त्यांचा फोन आला. "पायल तुमच्याकडं आलीय. कालव्याच्या अंगाला टोळी उतरलीय म्हणं. बघून या."

मी गेलो. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या होत्या. मोठी माणसे फडात होती. एका कोपीसमोर एक मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन चुलीत पाचट सारीत होती.

"तू पायल ना?"

"तुमी कोन?"

"तुझ्या सरांचा मित्र."

"सरांनी पुस्तक धाडलं का?"

"अजून नाही."

तिने पाचटाची आणखी एक मूठ चुलीत सारली. मी म्हटले, तुझ्याकडे असेल ते वाचून दाखव. तिने कोपीच्या मेढीला टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दुसरीचे पुस्तक होते. कोपरे उंदरांनी कुरतडलेले. तिने पहिले पान उघडले आणि धडाधड म्हणू लागली. भाषेच्या शिक्षकाला काही गोष्टी कानाने कळतात. मी पान उलटले आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवले. ती पहिल्या पानावरचेच म्हणत राहिली.

एवढ्यात तिची आई डोक्यावर उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा, भारा घेऊन आली. "वाचती का म्हून बघाया आलाव व्हय, सर? वाचंल की. आदी ह्याला निजवू द्या तिला. मला सांजच्याला गाडी भरायची हाय." बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच वेळ नव्हता.

मी त्याच दिवशी सरांना फोन केला. "ती वाचत नाही, सर. पाठ म्हणते. तिला आत्ता पुस्तक हवे आहे. निदान मसुद्याची पाने तरी पाठवा."

"मसुदा गोपनीय असतो."

"मग अभिप्राय देऊन टाका."

ते म्हणाले, "तिला शब्द दिलाय मी. तिच्या आधी दुसऱ्या कुणाच्या बोटावर ते पुस्तक पास करायचं न्हाई." आणि थोड्या वेळाने, "सुट्टीत येता जाता बघा तिच्याकडं."

पुढच्या रविवारी मी पाटी आणि खडू घेऊन गेलो. फड संपला होता. कोप्यांच्या जागी राखेच्या चुली होत्या. टोळी पुढच्या गावाला गेली होती; कोणत्या, ते कोणालाच सांगता आले नाही.

चैत्रात ट्रक परतले. सरांनी मला बोलावून घेतले. शाळेसमोरच्या लिंबाखाली त्यांनी तरट अंथरले होते. मसुदा मधोमध ठेवला होता आणि पेन्सिलीला नवे टोक केले होते. पायल आली. उन्हाने काळवंडली होती, उंच झाली होती. भाऊ काखेतच होता. तो तिने तरटाच्या कडेला बसवला.

"आलं का माझं पुस्तक?"

"हे बघ. तुझ्याचसाठी ठेवलंय. अजून कुनी हात लावला न्हाई."

तिने पान उघडले. पहिले वाक्य होते: 'हे माझे पुस्तक आहे.' तिने 'हे'च्या खाली बोट ठेवले.

बोट थांबले.

आम्ही वाट पाहत राहिलो. सर नियमाप्रमाणे बोटाकडेच पाहत होते. पेन्सिल कागदाजवळ गेली होती, पण टिंब पडले नाही. त्या शब्दात चूक काढण्याजोगे काहीच नव्हते. याहून सोपा शब्द मराठीत सापडायचा नाही. भाऊ रडू लागला. तिने दुसऱ्या हाताने त्याला थोपटले. पहिला हात मात्र हलवला नाही. मग मान वर करून तिने विचारले:

"सर, मला वाचाया येत हुतं ना?"

"येत हुतं, बाय," सर म्हणाले. "लई चांगलं येत हुतं."

ती गेल्यावर त्यांनी आपला कागद काढला आणि 'शिफारस' या चौकटीत खूण केली. एकही दुरुस्ती सुचवली नाही. फळासुद्धा तसाच राहू दिला. मी त्यांच्यासोबत तो कागद टपालात टाकायला गेलो.

अर्थात उशीर झाला होता. सरकारी वर्ष मार्चअखेर संपते. त्या वर्षीची मंजूर यादी बंद झाली होती. नव्या वर्षी नवे निकष आले, आणि जुन्या निकषांवर तयार झालेले सगळे मसुदे परत गेले. समितीही नव्याने नेमली गेली. तिच्यात ते नव्हते. बाई मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या मित्रानेच ते पुस्तक मागितलं आणि त्यांनीच ते अडवलं. मी कोणाला काय सांगू?" फळा त्यांनी पकडला होता, हे खरे आहे. घाईने दिलेले पुस्तक मुलाला स्वतःविषयी शंका घ्यायला शिकवते, हेही खरे आहे. पायलने ती शंका घेतलीच. तिच्यापुढे पुस्तक असले काय आणि नसले काय.

पुढच्या दसऱ्यानंतर मी खर्ड्याला मुद्दाम गेलो. वस्तीवर ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, शेळ्या चढत होत्या. मुकादम "आटपा, आटपा" म्हणत होता. सर ट्रकाच्या मागे उभे होते. त्यांच्या पिशवीत त्या दिवशी फूटपट्टी नव्हती, ताणकाटा नव्हता. तीत त्याच मसुद्याच्या छायाप्रती होत्या, जामखेडहून स्वतः काढून आणलेल्या. प्रत्येक पानावर 'गोपनीय' हा शिक्का उमटलेला होता. ज्याने उभ्या आयुष्यात नियम मोडला नव्हता, तो माणूस दिवसाउजेडी त्या प्रती ट्रकात चढणाऱ्या मुलांच्या हातात देत होता.

मी एक प्रत चाळली. "सर, पहिल्या पाठात फळा तसाच आहे."

"ठाऊक हाय. पुढं बी चुका हायेत. असू द्या."

पायल आधीच वर चढली होती. भावाला मांडीवर घेऊन गोधड्यांच्या ढिगावर बसली होती. उन्हाळाभर आणि पावसाळाभर सरांनी तिला रोज वाचायला बसवले होते. अक्षरे परत येऊ लागली होती, पण जोडायला अजून वेळ लागत होता. सरांनी टाचा उंचावून प्रत तिच्या हातात दिली.

"तपासलं का हे, सर?"

"न्हाई. तू तपास."

"बोट थांबलं तर टिंब द्यायचं?"

सरांनी क्षणभर विचार केला. "टिंब नको देऊ," ते म्हणाले. "थांबलं तर थांबू दे. मंग फुडं जा. आडलेलं सोडून फुडं जायचं."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. तिने मान डोलावली आणि वारा पाने उडवू नये म्हणून प्रत भावाच्या पाठीखाली दाबून ठेवली. ट्रक सुरू झाला. काही वेळ तिचा हात दिसत होता, मग धुळीपलीकडे काही दिसेना.

मी परत निघण्यासाठी वळलो, तर सर शेजारी नव्हते. ते रस्त्याच्या कडेला, तरट न अंथरता, मातीत मांडी घालून बसले होते. त्यांच्यासमोर कोणतेही पुस्तक नव्हते.